प्रेमाला भाषा लागते!

‘प्रेमाला भाषा लागत नाही’ हे वाक्य ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. सिनेमात ते आहे, नाटकात आहे, आणि ज्यांची मुले परदेशी जाऊन तिकडेच लग्न जमवतात त्या घरांत तर ते दिवसातून दोनदा उच्चारले जाते. वाक्य गोड आहे, यात शंका नाही. परंतु वाचकहो, ते कोण म्हणतो हे एकदा नीट कान देऊन ऐका. ज्याची भाषा त्या घरात चालते, तोच बहुधा ते म्हणत असतो! ज्याला बोलता येत नाही तो बिचारा काय म्हणणार? तो नुसता हसतो, मान हलवतो आणि ताटात पडलेली तिसरी पुरणपोळी निमूटपणे संपवतो.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घराचा उंबरा ओलांडून आत आला. माझी भाची नोकरीनिमित्त बार्सिलोनाला असते. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवले. मुलगा सालस, नोकरी बरी, घरची माणसे साधी. हरकत घ्यावी असे काहीच नव्हते. आणि हरकत घेण्याजोगे काही नसले म्हणजे आईबापांना जी एक निराळीच काळजी लागते, ती माझ्या ताईला लागली. मुलगा आणि त्याची आई जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला येणार होती. मुलाला इंग्रजी येते, त्याच्या आईला येत नाही. ताईला मराठी येते आणि बाजारापुरते हिंदी.

मी तरुणपणी पुण्यात नोकरीला असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षे स्पॅनिश शिकलो होतो. त्या वेळी घरात सगळे मला हसत. आता ताईच वही घेऊन आली. म्हणाली, “मला चार वाक्यं लिहून दे बाबा. नाहीतर त्या बाईला वाटेल, मुलीची आई मुकी आहे.”

शेजारच्या काकू तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, प्रेमाला भाषा लागत नाही!”

“लागत नाही कशी?” ताई उसळून म्हणाली. “चाळीस वर्षं मी ह्यांच्याशी मराठीतच भांडत आले आहे!”

माझ्या मुलाने सुचवले, “आत्या, फोनमध्ये बोललीस की फोनच स्पॅनिश करून सांगतो.” सांगतो, हे खरे आहे. मीही ते करून पाहिले आहे. पण मग बोलणारी दोन्ही माणसे एकमेकांकडे न बघता फोनकडे बघत बसतात. लग्नाची बोलणी करताना विहिणीच्या चेहऱ्याकडे बघायचे नाही, तर मग बघायचे कोणाकडे?

भाचीचे म्हणणे आणखी वेगळे होते. तिने फोनवर सांगितले, “मामा, आमचं सगळं इंग्रजीत चालतं. ती ना त्याची भाषा, ना माझी. आम्हांला आता एकमेकांच्या भाषेत बोलायचं आहे. मला प्रेमाची वाक्यं दे, आणि त्याच्यासाठी मराठीतली तयार कर.”

तेव्हा मी वही उघडली. डाव्या पानावर देवनागरीत स्पॅनिश, उजव्या पानावर मराठी. त्या वहीत जे उतरले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

तू की तुम्ही?

आधी उच्चाराच्या तीन खुणा. स्पॅनिशमध्ये ‘ह’ चे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. म्हणून नमस्काराचा शब्द ‘ओला’. ‘व’ चा उच्चार ‘ब’ सारखा होतो. आणि स्पेनमध्ये काही ठिकाणी ‘स’ ऐवजी जीभ दातांत धरून ‘थ’ सारखा आवाज काढतात; दक्षिण अमेरिकेत मात्र तिथे सरळ ‘स’ म्हणतात. आभाराचा शब्द बार्सिलोनात ‘ग्राथियास’, तर मेक्सिकोत ‘ग्रासियास’.

आता गंमत पाहा. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो त्याला स्पॅनिश माणूसही ‘तू’च म्हणतो! दोन्ही शब्द एकाच प्राचीन कुळातले. आणि आपल्या ‘तुम्ही’साठी त्यांच्याकडे ‘उस्तेद’ आहे. तो शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनापासून झिजत झिजत आला. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे इंग्रजीत प्रेम करणाऱ्यांना एक पायरी चढताच येत नाही, ती म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची.

स्पॅनिशमध्ये त्या पायरीसाठी स्वतंत्र क्रियापद आहे, आणि आपल्याकडेही आहे: ‘अरे-तुरे करणे’. ‘नोस तुतेआमोस?’ म्हणजे ‘आपण एकमेकांना अरे-तुरे करू या का?’ किती सभ्य प्रश्न! स्पेनमधली तरुण मंडळी आता पहिल्या भेटीतच ‘तू’वर येतात, हा भाग वेगळा. पण कोलंबियाच्या काही भागांत नवराबायकोही परस्परांना ‘उस्तेद’ म्हणतात. हे ऐकून ताईला फार धीर आला. तिने आयुष्यात भावजींना ‘अहो’खेरीज हाक मारलेली नाही.

ओळख झाल्यावर पहिले निमंत्रण असे: ‘ते आपेतेथे तोमार उन काफे?’ म्हणजे ‘कॉफी घ्यावीशी वाटते का?’ ‘चल’ नाही, ‘येच’ नाही. वाटते का, एवढेच. ‘कियेरेस बाइलार?’ म्हणजे ‘नाचणार का?’ हे वाक्य भाचीला उपयोगी, ताईला नाही.

मला तू आवडतेस

आता मुख्य वाक्याकडे येऊ. ‘मे गुस्तास.’ याचे मराठी करायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही: ‘मला तू आवडतेस.’ इंग्रजीत या वाक्याचा कर्ता ‘मी’ असतो. मी आवडवून घेणारा, मी निवडणारा, सगळा मामला माझा. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये मात्र कर्ता ‘तू’ आहे आणि मी नुसता ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. क्रियापद चालते तेही समोरच्या माणसाप्रमाणे. ‘आवडतेस’मधला ‘स’ तिचा आहे. ‘गुस्तास’मधलाही ‘स’ तिचाच. माद्रिदचा मुलगा आणि मनमाडची मुलगी इंग्रजीच्या पुलावरून न जाता थेट बोलू लागली, तर वाट उलट जवळची पडते!

यापुढची पायरी ‘ते कियेरो’. याच्या मुळाशी ‘हवे असणे’ आहे. आई मुलाला म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला म्हणते, प्रियकर प्रेयसीला म्हणतो. त्याहून जड शब्द ‘ते आमो’. तो स्पेनमध्ये जपून वापरतात; पहिल्याच कॉफीला काढला तर समोरचे माणूस कॉफी अर्धी टाकून उठेल. भाचीला मी बजावले की ‘कियेरो’ रोजचे, ‘आमो’ सणासुदीचे.

मराठी पान लिहिताना मात्र माझी लेखणी अडली. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. पण ते घरात कोणी म्हणते का? म्हटले तर ऐकणारा आधी दचकतो आणि मग विचारतो, “काय झालं? डॉक्टरांनी काही सांगितलं का?” आपल्याकडे जीव जडतो, जीव लावतात, आठवण येते. म्हणून त्या मुलासाठी मी लिहिले: ‘तू मला फार आवडतेस.’ ‘तुझी आठवण येते.’ ‘पोचलीस की कळव.’ आणि शेवटी ‘जेवलीस का?’ त्यापुढे कंसात टीप दिली, ‘हा प्रश्न जेवणाबद्दल नाही.’

आठवणीचे स्पॅनिश वाक्य आहे ‘ते एचो दे मेनोस’. शब्दाशब्दाचा अर्थ लावू गेलात तर हाती काही लागणार नाही, पण शेवटचा ‘मेनोस’ म्हणजे उणे. तू नाहीस, म्हणून इथे काही उणे आहे. विमानतळावर निरोप देताना याहून जास्त बोलण्याची गरज नाही.

साखर, संत्रे आणि नवरी

प्रेमाच्या लाडक्या हाका त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. ‘मि विदा’ म्हणजे माझे आयुष्य, ‘मि थिएलो’ म्हणजे माझे आभाळ, ‘कोराथोन’ म्हणजे काळीज. पण ताईला सर्वांत आवडली ती ‘मेदिया नारांखा’. शब्दशः ‘अर्धे संत्रे’! ज्याच्यावाचून आपण अपुरे, असा जोडीदार. आणि हा ‘नारांखा’ शब्द मूळचा इकडचाच. आपल्या ‘नारंग’वरून फारसीत, फारसीतून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये. ‘आथूकार’चेही तसेच. संस्कृत ‘शर्करा’ त्याच वाटेने तिकडे जाऊन ‘आथूकार’ झाली आणि इथे राहून ‘साखर’ झाली. म्हणजे आम्ही साखरपुड्याच्या ताटात जी ठेवली, तिला पाहुण्यांच्या भाषेत जे नाव होते ते आपल्याच घरातून गेलेले.

‘नोव्यो’ आणि ‘नोव्या’ हे शब्द लग्नाआधी फिरायला जाणाऱ्या जोडीला लावतात आणि लग्नाच्या दिवशी वधूवरांनाही. त्यांच्या मुळाशी ‘नवा’ असा अर्थ आहे. आपल्या ‘नवरा’मध्येही ‘नव’ आणि ‘वर’ दडलेले आहेत. नवरा म्हणजे नवा वर. जुना झाला तरी नाव तेच!

लग्नाचे क्रियापद ‘कासार्से’. ते ‘कासा’, म्हणजे घर, या शब्दावरून आले. ‘कियेरेस कासार्ते कोन्मीगो?’ म्हणजे ‘माझ्याशी लग्न करशील?’, पण त्याच्या पोटात ‘माझ्याबरोबर घर करशील?’ हाही अर्थ आहे. ज्याचे लग्न झाले त्याला घर हवेच, अशी त्यांची म्हणही आहे. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एक पान मी मुद्दाम भाचीसाठी राखले. प्रेमाच्या वाक्यांच्या याद्यांत ते सहसा नसते आणि खरी गरज त्याचीच पडते. ‘नो, ग्राथियास’ म्हणजे ‘नको’. ‘नो एंतियेंदो’ म्हणजे ‘मला समजले नाही’. ‘मास देस्पाथियो, पोर फावोर’ म्हणजे ‘जरा सावकाश बोल ना’. आणि ‘लो सियेंतो’, ‘क्षमा कर’. ‘तू मला आवडतोस’ एवढे म्हणता येणारी आणि ‘नको’ म्हणता न येणारी मुलगी परक्या घरात सुखी होईल, असे कोणत्या आईला वाटेल?

दुसऱ्यांनी लिहिलेले पत्र

अशी वही नुसती पाठ करून भागते का? याला उत्तर म्हणून स्पेनच्याच दोन गोष्टी सांगतो. दोहोंत हिंदुस्थानचा संबंध आहे.

१९०६ साली राजा आल्फोन्सो तेरावा याच्या लग्नासाठी कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंह माद्रिदला गेले होते. तिथे अनिता देल्गादो ही सोळा वर्षांची नर्तकी त्यांच्या मनात भरली. मागणी घातली गेली. अनिताचे शिक्षण बेताचे. तिने उत्तरादाखल लिहिलेले चुकांनी भरलेले पत्र तिच्या ओळखीच्या लेखक-चित्रकारांच्या हाती पडले, आणि त्यांनी ते नव्याने, झोकदार भाषेत लिहून काढून धाडले, अशी हकीकत सांगतात. त्या मंडळींत पुढे मोठे नाव मिळवलेला लेखक व्हाये-इन्क्लानही होता. १९०८ साली लग्न झाले, अनिता राणी झाली. १९२५ साली दोघे विभक्त झाली. विभक्त होण्याला कारणे अनेक असतील, पण ज्या पत्राने गाठ बांधली त्यातली भाषा तिची नव्हती.

दुसरी गोष्ट सेनोबिया काम्प्रुबी आणि कवी हुआन रामोन हिमेनेस यांची. सेनोबियाला इंग्रजी उत्तम येत असे. ती रवींद्रनाथ ठाकुरांच्या मुलांवरच्या कवितांचे इंग्रजीवरून स्पॅनिश करी आणि हिमेनेस त्या स्पॅनिशला कवितेचा घाट देई. त्यांचे ते पुस्तक १९१५ साली निघाले आणि १९१६ साली त्यांनी लग्न केले. एकेका शब्दावर दोघांनी माना खाली घालून काम केले, तोच त्यांच्या सहवासाचा काळ. पुढे कितीतरी वर्षे रवींद्रनाथ त्यांनी असेच मिळून स्पॅनिशमध्ये आणले. १९५६ साली हिमेनेसला नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी सेनोबिया वारली.

पहिल्या गोष्टीत शब्द आयते मिळाले; दुसऱ्या गोष्टीत दोघांनी मिळून शोधले. म्हणून मी वहीतल्या प्रत्येक पानावर अर्धी जागा कोरी सोडली. ती त्यांची त्यांनी भरायची.

विहीण म्हणजे कोन्सुएग्रा

पाहुणे आले. स्पेनमध्ये बायका भेटल्या की गालाला गाल लावून दोन्ही बाजूंनी अभिवादन करतात, हे मी ताईला आधी सांगून ठेवले होते. तिने दारातच दोन्ही हात इतके घट्ट जोडले की त्यातून कोणाचा गाल पुढे येणेच शक्य नव्हते! त्या बाईंनीही हसून हात जोडले. मग दोघी सोफ्यावर बसल्या आणि पंख्याकडे पाहू लागल्या.

वहीतली ‘ओला’ आणि ‘कोमो एस्ता उस्तेद?’ ही वाक्ये संपल्यावर शांतता पसरली. तेवढ्यात ताईला एकदम काही आठवले. ती म्हणाली, “बार्सिलोना म्हणजे आमच्या फादर फेररांचं गाव ना रे?”

आम्ही भावंडे मनमाडची. बार्सिलोनात जन्मलेले व्हिसेंते फेरर १९५२ साली येशूसंघाचे मिशनरी म्हणून भारतात आले आणि मनमाड भागात विहिरी खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाठीशी धान्य, तेल आणि पैसा घेऊन उभे राहिले. १९६८ साली त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांच्यासाठी शेतकऱ्यांनी मोर्चे काढले. पुढे ते परत येऊ शकले, पण कामाला गेले ते आंध्रातल्या अनंतपूरला. १९७० साली त्यांनी अ‍ॅन पेरी या इंग्रज पत्रकार स्त्रीशी लग्न केले आणि २००९ साली मृत्यू येईपर्यंत दोघांनी अनंतपुरातच काम केले. स्पेनमध्ये त्यांचे नाव घरोघर माहीत आहे.

“विथेंते फेरेर!” त्या बाई ओरडल्याच. मग ताई मराठीत आणि त्या स्पॅनिशमध्ये अशा सुटल्या की मला मधे बोलायला फट सापडेना. विहिरीसाठी ताईने हाताने जमीन खणून दाखवली.

त्या दिवशी मी ताईच्या वहीत एक शब्द घातला. मुलाची आई आणि मुलीची आई यांचे परस्परांशी जे नाते, त्याला इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही. आपल्याकडे ‘विहीण’ आहे आणि स्पॅनिशमध्ये ‘कोन्सुएग्रा’. व्याह्यांना ‘कोन्सुएग्रो’. ताईने तो शब्द तीनदा घोकला आणि चहा देताना त्या बाईंना म्हणाली, “मि कोन्सुएग्रा.” माझी विहीण. त्या बाईंनी कप खाली ठेवला. मुलाने त्यांना प्रतिशब्द शिकवलेला होता. त्या म्हणाल्या, “बिहीणबाई.” व चा ब झाला, बाकी सारे अचूक. नंतर गालाला गाल लागले. हात जोडलेलेच राहिले नाहीत.

अजिंठ्याच्या दोन भिंती

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे फुलंब्री-सिल्लोड रस्त्याने अजिंठ्याला गेलो. पाहुण्यांना लेणी दाखवायची म्हणजे चित्रांच्या गोष्टी सांगायला हव्यात. सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की आमच्या वादाचा निकाल या भिंतींवर केव्हाच लागलेला आहे.

सोळाव्या लेण्यात सुंदरीचे चित्र आहे. बुद्धाचा भाऊ नंद हा तिचा नवरा. तो बुद्धामागोमाग विहारात गेला आणि तिथेच त्याला दीक्षा मिळाली. घरी परत आला तो त्याचा मुकुट, सेवकाच्या हातून. निरोप नाही, शब्द नाही. मुकुट पाहून सुंदरी कोसळली आहे, सख्या तिला सावरत आहेत. पूर्वी या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणत.

सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा आहे. दानशूर राजपुत्राला हद्दपारीची शिक्षा झाली आहे. ती बातमी तो पत्नी माद्रीला स्वतः सांगतो आहे. तिला जवळ घेऊन बसला आहे, हाती पेला आहे. बातमी सुंदरीच्या बातमीइतकीच कठोर. पण ही नवऱ्याच्या तोंडून आलेली. म्हणून माद्रीला उत्तर देता आले. कथेत ती म्हणते, मीही तुमच्याबरोबर येणार; आणि मुलांना घेऊन ती वनात जाते.

एकीला शब्द मिळाला नाही, ती कोसळली. दुसरीला मिळाला, तिने स्वतःचा निर्णय घेतला. ‘आपल्याकडे असलं काही बोलत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे चित्र पाहावे. आणि त्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या सातवाहनांच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ही उघडावी. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठीत सविस्तर संपादून ठेवली आहे. त्या सुमारे सातशे प्राकृत गाथांत गोदाकाठच्या बायका रुसतात, टोमणे मारतात, बोलावतात, नको म्हणतात. बोलत नव्हत्या असे कोण म्हणेल?

इ एया?

परतताना आम्ही अजिंठा गावात थांबलो. लेण्यांना या गावाचेच नाव मिळाले. इथे एक साधे थडगे आहे, पारोचे.

मद्रासच्या पलटणीतला अधिकारी रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमले. लग्नाची बायको, मुलेबाळे असलेला हा माणूस वर्षानुवर्षे या गावात राहिला. पुढे त्याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आणि पारो ही इथली स्त्री, जिच्यावर त्याचा जीव जडला. तिच्या थडग्यावर त्याने इंग्रजीत कोरून घेतले की हे माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ, आणि तिच्या मृत्यूची तारीख, २३ मे १८५६.

या गोष्टीवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. तेव्हापासून पारो घरोघर पोचली, हे फार चांगले झाले.

मी विहीणबाईंना दगडावरच्या अक्षरांचा अर्थ स्पॅनिशमध्ये सांगितला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी दोनच शब्द विचारले, “इ एया?”

‘आणि ती?’

मला उत्तर देता येईना. गिलचे शब्द दगडावर आहेत. त्याची चित्रे, त्याची छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. पारोच्या तोंडचे म्हणून आज जे ऐकू येते ते लोकांनी, कवींनी, सिनेमावाल्यांनी मायेने तिच्या तोंडी घातलेले. ती त्याला काय म्हणत असेल? साहेब? रॉबर्ट? की ‘अहो’? ‘प्रिय’ हा त्याचा शब्द तिच्या थडग्यावर आहे. तिचा त्याच्यासाठीचा शब्द भुसावळच्या कबरीवर नाही. दोघांचे प्रेम होते यावर माझा विश्वास आहे. पण दीडशेहून अधिक वर्षे आपण त्या प्रेमाची एकच बाजू वाचतो आहोत. ‘प्रेमाला भाषा लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी या दगडासमोर उभे राहून ते वाक्य पुन्हा म्हणून पाहावे.

ताईने मला विचारले, “काय म्हणाल्या त्या?” मी सांगितले. ताईने भाचीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, “तू तुझं बोलत जा गं. कोणत्याही भाषेत, पण बोलत जा.”

दहा वाक्ये त्यांची, दहा आपली

वाचकहो, ज्यांच्या घरी परभाषेतली सून किंवा जावई येऊ घातला आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे. भाषा स्पॅनिशच असायला हवी असे नाही. तमिळ असेल, बंगाली असेल, जर्मन असेल. त्यांच्या भाषेतली दहा वाक्ये घरातल्या थोरांनी शिकावीत आणि आपली दहा त्यांना शिकवावीत. ‘कसे आहात?’, ‘मला समजले नाही’, ‘सावकाश बोला’, ‘हे मला आवडते’, ‘हे मला नको’, ‘माझे चुकले’, ‘तुझी आठवण येते’, ‘थोडे आणखी वाढू का?’, ‘पोट भरले’, ‘पुन्हा या’. यांत ‘मला नको’ हे वाक्य पहिल्या दिवशी शिकवावे. सुनेला ते म्हणता येऊ लागले म्हणजे ती पाहुणी राहत नाही. आणि नात्याचा शब्द विसरू नये. सासू, विहीण, मामा, वहिनी, जे असेल ते. माणसाला त्या घरात आपण कोण, हे त्या एका शब्दाने कळते.

लग्न झाले. आता वही बार्सिलोनाला आहे आणि कोरी पाने भरत चालली आहेत, असे भाची सांगते. या दिवाळीला ताईने फराळाचा डबा पाठवला. प्रत्येक पुडीवर नाव देवनागरीत आणि खाली रोमन लिपीत. करंजीच्या पुडीवर तिने आपल्याच हिकमतीने ‘आथूकार’ शब्द घातला होता. जावयाचा मराठीत संदेश आला, एकाच ओळीचा:

“चकली पोचली. आई, तुम्ही जेवलात का?”